सातपुड्याच्या पायथ्याचे राखणदार

फैजपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि या डोंगरातल्या भिल्लांवर ‘गुन्हेगार’ हा शिक्का कोणी व कधी मारला, हे तपासल्याशिवाय खानदेशाचा इतिहास कळणार नाही. माझे म्हणणे असे की, चोर आणि राखणदार या इथे दोन वेगळ्या जाती कधीच नव्हत्या. त्यांच्यामधली रेघ राज्यसत्ता ओढत होती. 1818 नंतर इंग्रजांनी ज्यांना लुटारू म्हणून हुडकले, त्यांच्यातूनच 1825 मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. इंग्रज सरकारसाठी सेंधवा घाट राखणारा भिल्ल खाज्या नाईक 1857 मध्ये बंडात उतरला आणि त्याच सरकारच्या लेखी दरोडेखोर ठरला. माणूस तोच, घाट तोच. बदलले ते सरकारशी असलेले नाते.

यावर कोणी म्हणेल, लुटलेल्या गावांचे दुःख खोटे होते का? मुळीच नाही. घर लुटले गेलेल्या शेतकऱ्याला न्याय मिळायलाच हवा. पण न्याय कृत्याचा होतो, जन्माचा नव्हे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमका हाच भेद पुसला आणि पुढे देशभरात कित्येक जमातींची मुले जन्मतःच संशयित ठरवली. 1936 च्या ऑक्टोबरमध्ये नेल्लोरला जवाहरलाल नेहरूंनी या कायद्याचा निषेध केला. डिसेंबरात तेच फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. कायदा 1952 मध्ये गेला. पोलिसी संशयातून मात्र तो अजून गेलेला नाही, आणि तो घालवणे हे आपले कर्तव्य आहे.