पावसात थांबलेली गाडी

पावसावर बोला, असं कवीला सांगितलं की ऐकणाऱ्यांची अपेक्षा ठरलेली असते. मातीचा वास, निथळणारी झाडं, खिडकीशी उभं असलेलं कुणीतरी. हे सगळं मीही लिहिलं आहे आणि कदाचित पुन्हा लिहीन. पण आज ज्या पावसाबद्दल सांगणार आहे, तो जपानमध्ये पडला होता. मोटारींच्या शर्यतीच्या रस्त्यावर पडला होता. त्या पावसात एका माणसाने आपली गाडी थांबवली आणि हातातोंडाशी आलेलं जगज्जेतेपद सोडून दिलं. त्याचं नाव निकी लाउडा. तारीख होती २४ ऑक्टोबर १९७६.

मोटारींच्या शर्यतीतलं मला फार कळतं, असा माझा दावा नाही. वेगाचा काटा जरा वर सरकला की चालवणाऱ्याला ‘जरा सावकाश’ म्हणून सांगणारा मी माणूस. पण जिंकणाऱ्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. थांबणाऱ्यांच्या गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. म्हणून ही सांगावीशी वाटते.

आधी पाणी आणि रस्ता यांचं नातं समजून घेऊ. कोरड्या रस्त्यावर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीचे टायर अगदी गुळगुळीत असतात. जेवढं जास्त रबर रस्त्याला टेकेल, तेवढी पकड जास्त. फॉर्म्युला वनमध्ये असे टायर १९७१ साली आले. पावसात मात्र हाच गुण वैरी होतो. टायरखालच्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी, म्हणून पावसाळी टायरला खाचा ठेवतात. आजच्या पावसाळी टायरबद्दल तो बनवणारी पिरेली कंपनी सांगते, की ताशी ३०० किलोमीटर वेगात एक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पाच-सहा बादल्या. पाणी याहून जास्त झालं की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. मग ब्रेक दाबा की स्टिअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही.

शिवाय बाजूला फेकलेलं हे पाणी जातं कुठे? त्याचा तुषारांचा पडदा होतो आणि तो मागून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. सर्वांत पुढे असलेल्याला रस्ता दिसतो. मागच्या सगळ्यांना पांढरा अंधार. कोरड्या दिवशी ज्या वाटेवरून सगळे जातात, तिथे रबराचा थर बसलेला असतो. पाऊस पडला की नेमकी तीच वाट साबण लावल्यासारखी होते. म्हणून पावसात चांगला चालवणारा मळलेली वाट सोडतो आणि पकड शोधत वळणाच्या बाहेरच्या बाजूने जातो. त्यासाठी बळापेक्षा स्पर्श लागतो. पावसातल्या शर्यतीचं आकर्षण इथेच आहे. गाडी कमी ताकदीची असली तरी माणूस मोठा ठरू शकतो.

पण हे आकर्षण जुनं, तशी त्याची किंमतही जुनी. बेल्जियममध्ये स्पा नावाचं गाव आहे. त्याच्या परिसरातला शर्यतीचा रस्ता तेव्हा १४ किलोमीटरचा होता आणि तो नेहमीच्या वाहतुकीच्या रस्त्यांवरून, शेतांजवळून, घरांजवळून जायचा. १९६६च्या शर्यतीत सुरुवातीच्या ठिकाणी कोरडं होतं आणि दुसऱ्या टोकाला धो धो पाऊस. पहिल्याच फेरीत एकामागून एक गाड्या घसरल्या. त्यांतली एक स्कॉटलंडच्या जॅकी स्टुअर्टची. तो गाडीत अडकला, अंगावर पेट्रोल गळत होतं. तिथेच घसरलेल्या ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोघांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, स्टिअरिंग सोडवलं आणि त्याला बाहेर काढलं. यात सुमारे २५ मिनिटं गेली.

त्यानंतर स्टुअर्टने कडेचे कठडे, डॉक्टर, आग विझवणारी माणसं यांसाठी आवाज उठवायला सुरुवात केली. त्याला भित्रा म्हणणारे कमी नव्हते. पण याच स्टुअर्टने १९६८ साली जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर पाऊस आणि धुक्यात, मनगट दुखावलेलं असताना, दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीला चार मिनिटांहून अधिक अंतराने मागे टाकलं. म्हणजे ज्याला पावसात चालवता येत नाही तोच पावसाला घाबरतो, हा हिशेब चुकीचा आहे. ज्याला पाऊस सर्वांत चांगला कळतो, त्याचंच म्हणणं आधी ऐकायला हवं.

आता लाउडाकडे येऊ. १९७५चा जगज्जेता, व्हिएन्नाचा, फेरारीचा चालक. १९७६च्या हंगामात तो कितीतरी पुढे होता. १ ऑगस्टला शर्यत न्यूरबर्गरिंगवर होती. जवळपास २३ किलोमीटरचा हा डोंगराळ रस्ता. एवढ्या लांबीवर मदत वेळेत पोहोचणार नाही, म्हणून इथे धावू नये, असा प्रस्ताव लाउडाने चालकांच्या बैठकीत मांडला होता. तो फेटाळला गेला. शर्यत ओल्या रस्त्यावर सुरू झाली. रस्ता वाळू लागला तसे लोक टायर बदलू लागले. दुसऱ्या फेरीत लाउडाची गाडी आदळली आणि पेटली. मागून येणाऱ्या मेर्झारिओ, लंगर, एडवर्ड्स आणि एर्टल या चालकांनी त्याला ज्वाळांमधून ओढून काढलं. चेहरा भाजला होता आणि विषारी धूर फुप्फुसांत गेला होता. रुग्णालयात धर्मगुरूने त्याच्यासाठी अखेरची प्रार्थनाही म्हटली.

तो वाचला. नुसता वाचला नाही, तर सहा आठवड्यांत, १२ सप्टेंबरला इटलीतल्या मोंझा इथे पुन्हा गाडीत बसला. जखमा भरल्या नव्हत्या. तरी चौथा आला. पुढे फुजीला जे घडलं ते समजून घेताना मोंझाचा हा दिवस विसरता कामा नये. या माणसाला भीती म्हणजे काय ते ठाऊक होतं आणि भीती असूनही गाडीत कसं बसायचं, हेही ठाऊक होतं.

मधल्या काळात मॅक्लारेनचा इंग्लिश चालक जेम्स हंट याने अंतर कमी करत आणलं होतं. हंट दिलखुलास, बेफिकीर. लाउडा काटेकोर, हिशेबी. दोघं प्रतिस्पर्धी आणि तरी मित्र. हंगामातली शेवटची शर्यत जपानमध्ये फुजीला होती. लाउडाचे ६८ गुण, हंटचे ६५.

त्या दिवशी फुजी पर्वत कुणाला दिसला नाही. धुकं, पाऊस, रस्त्यावरून वाहणारे पाण्याचे ओहोळ. धावायचं की नाही, यावर खल चालला. प्रेक्षक येऊन बसले होते, दूरचित्रवाणीचे कॅमेरे सज्ज होते. तासाभराहून अधिक उशीर झाला. आणखी थांबलं असतं तर अंधार पडला असता. अखेर शर्यत सुरू झाली. हंट पाणी उडवत सर्वांच्या पुढे निघून गेला आणि मागच्यांना दिसेनासं झालं. लाउडाच्या भाजलेल्या पापण्या अजून पुरत्या मिटत नव्हत्या. दोन फेऱ्या झाल्या. तो पिटमध्ये आला, थांबला आणि उतरला.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट यानंतरच्या काही मिनिटांत आहे. फेरारीचे अभियंते माउरो फोर्गिएरी त्याच्याकडे आले. इंजिनात बिघाड झाला असं आपण सांगू, असं त्यांनी सुचवलं. सुचवण्यात वाईट काही नव्हतं. आपल्या माणसाची अब्रू झाकायची ती एक रीत होती. इंजिन बिघडणं यात कुणाचा दोष नसतो. लाउडाने नकार दिला. गाडी ठीक आहे, मीच थांबलो, हेच सांगा, असं त्याचं म्हणणं. अशा पावसात गाडी हाकणं वेडेपणा आहे आणि जगज्जेतेपदापेक्षा जीव मोठा आहे, हे त्याने पुढेही कधी लपवलं नाही. ब्राझीलचे एमर्सन फिटिपाल्डी व कार्लोस पाचे आणि ऑस्ट्रेलियाचा लॅरी पर्किन्स हेही त्या दिवशी आपणहून थांबले. पण त्यांच्या हातून जगज्जेतेपद जाणार नव्हतं.

पुढे पावसाने थट्टाच केली. तो थांबला. रस्ता वाळू लागला. हंटचे पावसाळी टायर कोरड्यावर झिजून गेले, शेवटच्या फेऱ्यांमध्ये एक टायर बसला, त्याला पिटमध्ये यावं लागलं आणि परत रस्त्यावर आला तेव्हा तो पाचवा होता. तिथेच राहिला असता तर विजेतेपद लाउडाचं होतं. पण हंटने उरलेल्या फेऱ्यांत दोघांना मागे टाकलं. मारिओ आंद्रेत्ती पहिला, पात्रिक देपाये दुसरा, हंट तिसरा. तिसऱ्या क्रमांकाचे चार गुण. हंट ६९, लाउडा ६८. गाडीतून उतरला तेव्हा आपण हरलो असं समजून हंट चिडला होता. जगज्जेता झालास, हे त्याला दुसऱ्यांनी पटवून द्यावं लागलं. लाउडा तोवर विमानतळाच्या वाटेला लागला होता.

कुणी म्हणेल, मग लाउडा चुकलाच की. पाऊस थांबला, शर्यत पार पडली, कुणी मेलं नाही. पाचवा आला असता तरी पुरलं असतं. इटलीतल्या वर्तमानपत्रांनी त्याला बोल लावले ते असेच. पण निर्णय बरोबर की चूक, हे नंतरच्या हवेवरून ठरवायचं नसतं. ज्या क्षणी घेतला, त्या क्षणी जे दिसत होतं, त्यावरून ठरवायचं असतं. आणि त्या क्षणी काहीच दिसत नव्हतं, हाच तर मुद्दा होता. हंटचं शौर्य यामुळे उणं होत नाही. एकाच पावसात दोन माणसं दोन तऱ्हांनी खरी वागू शकतात.

लाउडा १९७७ साली पुन्हा जगज्जेता झाला. १९७९च्या अखेरीस त्याने शर्यती सोडल्या आणि १९८२ साली तो परतला. १९८४च्या जूनमध्ये मोनॅकोच्या अरुंद गल्ल्यांत असाच पाऊस कोसळला. लाउडा स्वतः घसरून बाद झाला. पुढे होता त्याचा मॅक्लारेनमधला जोडीदार ॲलन प्रॉस्ट, आणि मागून दर फेरीला अंतर तोडत येत होता ब्राझीलचा २४ वर्षांचा आयर्टन सेन्ना, टोलमनच्या साध्या गाडीतून. शर्यतीचे सूत्रधार होते जॅकी ईक्स. पावसात गाडी चालवण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. १९६८ साली फ्रान्समधल्या रूआँला त्यांनी पावसात पहिला विजय मिळवला, त्याच शर्यतीत जो श्लेसर जळून मरण पावला होता. मोनॅकोत ईक्स यांनी शर्यत थांबवली. सेन्नाचा विजय हिरावला, म्हणून टीका झाली. ईक्स पोर्शच्या गाड्या चालवत आणि प्रॉस्टच्या गाडीला पोर्शने बनवलेलं इंजिन होतं, म्हणून संशयही घेतला गेला. ठरलेल्या फेऱ्यांपैकी निम्म्याही झाल्या नव्हत्या, त्यामुळे निम्मे गुण दिले गेले. प्रॉस्टला नऊऐवजी साडेचार. हंगाम संपला तेव्हा लाउडा ७२, प्रॉस्ट साडेएकाहत्तर. जगज्जेता लाउडा, अर्ध्या गुणाने. फुजीच्या पावसात एका गुणाने गेलेलं मोनॅकोच्या पावसाने अर्ध्या गुणाने परत दिलं. याला मी न्याय म्हणणार नाही. पाऊस हिशेब ठेवत नाही.

थांबण्याचा निर्णय हळूहळू चालकाच्या हातून नियमांकडे गेला. पण तो धडा स्वस्तात मिळालेला नाही. ५ ऑक्टोबर २०१४ला जपानमध्येच, सुझुकाला, पावसात घसरलेली एक गाडी उचलण्याचं काम चालू असताना फ्रान्सच्या जूल बियांकीची गाडी त्या उचलणाऱ्या वाहनावर आदळली. जुलै २०१५मध्ये तो गेला. तो २५ वर्षांचा होता. २०१५पासून अशा वेळी सगळ्या गाड्यांना एकदम वेग कमी करायला लावण्याची व्यवस्था आली.

आणि २०२१चा ऑगस्ट. पुन्हा स्पा, पुन्हा पाऊस. तासन्‌तास प्रेक्षक भिजत बसले. शेवटी सुरक्षा गाडीच्या मागून मोजक्या फेऱ्या काढल्या, कुणी कुणाला ओलांडलं नाही, आणि शर्यत झाली असं जाहीर करून निम्मे गुण वाटले. न धावणं योग्यच होतं. खटकलं ते दुसरंच. थांबलो, असं सरळ म्हणायला कुणी तयार नव्हतं. पुढच्या वर्षी नियम बदलून, सुरक्षा गाडीविना निदान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण नाहीत, असं ठरवावं लागलं.

म्हणून मला फुजी आठवतं. थांबायला धैर्य लागतं, हे खरं. पण थांबण्याचं खरं कारण सांगायला त्याहून जास्त लागतं. हंट १९९३ साली गेला, लाउडा मे २०१९मध्ये. शर्यतीच्या निकालपत्रकात अर्ध्यावर राहिलेल्या प्रत्येक गाडीपुढे कारण लिहितात. कुणापुढे इंजिन, कुणापुढे गिअरबॉक्स, कुणापुढे अपघात. त्या दिवशी लाउडाच्या नावापुढेही ‘इंजिन’ असं लिहिता आलं असतं. कुणी शंका घेतली नसती. ते लिहिलेलं नाही.