काडतुसाचे पितळ

एखाद्याचे पितळ उघडे पडले असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगचा खोटेपणा उघडकीस आला, असा आपला आशय असतो. सोन्याचे सोंग घेणारा धातू म्हणून भाषेने पितळावर हा ठपका ठेवला आहे. परंतु शस्त्रांच्या इतिहासात एक जागा अशी आहे की, जेथे अनेक धातूंची परीक्षा होऊन अखेर पितळच खरे उतरले. ती जागा म्हणजे बंदुकीच्या काडतुसाचे कवच.

काडतूस म्हटले की आपले लक्ष गोळीकडे जाते. गोळी निघून जाते; मागे राहते ते रिकामे कवच. शिपायाचा जीव पुष्कळदा या कवचावरच अवलंबून असतो. ते बंदुकीतच अडकून बसले, तर पुढचे काडतूस आत जाणार नाही आणि हातातील बंदूक निव्वळ काठी ठरेल.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण कवच कागदाचे असे. शिपाई ते दातांनी फोडी, दारू नळीच्या तोंडातून आत ओती आणि वरून गोळी ठासी. त्या कागदाला गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे, या समजाने १८५७ मध्ये काय घडविले, हे श्रोत्यांना सांगावयास नको. पुढील दहा-पंधरा वर्षांत मागून भरण्याच्या बंदुका सैन्यांत रूढ झाल्या. आता दारूचा जाळ मागे, शिपायाच्या तोंडाकडे, येऊ न देणे हे काम कवचाकडे आले. कागदाने ते होईना. धातू हवा झाला.

कवचाकडून आपण दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा करतो. बार उडताच त्याने फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटावे, म्हणजे वायू मागे येणार नाही. आणि क्षणार्धात पुन्हा आकसून सैल व्हावे, म्हणजे ते ओढून काढता येईल. आधुनिक बंदुकीत हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक असतो. तो सोसून पुन्हा मूळपदावर येणारा धातू कोणता?

अमेरिकी सैन्याने प्रथम तांबे निवडले. तांबे मऊ, ते सहज फुगे, पण पुरेसे परत आकसत नसे. तापलेल्या बंदुकीत कवच रुतून बसे आणि त्याला ओढणारा आकडा त्याची कडच फाडून काढी. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरची तुकडी नाश पावली, तेव्हा वाचलेल्या रेनो या अधिकाऱ्याने हीच तक्रार लिहून पाठविली. पुढे १९८४ पासून त्या रणभूमीवर उत्खनन झाले, त्यात अशी ओरखडलेली कवचे थोडीच सापडली. पराभवाचे सारे खापर तांब्यावर फोडता येत नाही. तथापि तेथील सैन्याने पुढे तांबे सोडून पितळ स्वीकारले.

इंग्रजांनी पितळ घेतले खरे, परंतु पातळ पत्रा गुंडाळून त्याचे कवच केले. जानेवारी १८८५ मध्ये सुदानातील अबू क्ली येथे, वाळू आणि उष्णता यांच्यापुढे, मार्टिनी-हेन्री बंदुकांतील ही कवचे ऐन हातघाईच्या वेळी अडकली. त्यानंतर पत्र्याची जागा एकसंध, ठशातून ओढून काढलेल्या कवचाने घेतली. त्यासाठी शंभर भागांत सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त हे प्रमाण रूढ झाले. हे पितळ न फाटता खोल ओढले जाते आणि ओढता ओढता कणखर होते. आपल्या तांबटांना हे रहस्य ठाऊकच आहे: भांडे ठोकावे तसे कडक होते आणि तापविले की पुन्हा मऊ पडते. म्हणूनच कवचाचा बुंधा कडक ठेवतात आणि तोंड तापवून मऊ करतात.

पण या पितळाचेही पितळ एकदा उघडे पडले, आणि तेही हिंदुस्थानात. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठविली जात. न वापरता, नुसती पडून असलेली ती कवचे आपोआप तडकत. पावसाळ्यात घडते म्हणून इंग्रजांनी या व्याधीला ऋतूचेच नाव दिले. कारण मात्र कळेना. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी ते उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळाला भिडे, आणि घडविताना धातूच्या पोटात जो ताण दडून राहिलेला असे, त्याच्या वाटेने चीर पडे. उपाय साधा निघाला: तयार कवच बेताने तापवून तो ताण घालवावा, आणि अमोनियापासून ते दूर ठेवावे.

मग इतर धातू मागे का पडले? पोलाद स्वस्त व विपुल असते. पण ते पितळाच्या जवळजवळ दुप्पट ताठ असल्यामुळे फुगल्यावर कमी आकसते, शिवाय गंजते. दोन्ही महायुद्धांत तांब्याचा तुटवडा पडताच जर्मनीने पोलादाची कवचे केली. रशियानेही पुढे त्यांना रोगण किंवा तांब्याचा मुलामा देऊन तीच वाट चोखाळली. त्यांच्या १९४३ च्या काडतुसाचा आकार निमुळता आहे. त्यामुळे कवच जरासे मागे सरकताच सुटते. ॲल्युमिनियम वजनाने पितळाच्या एक तृतीयांश. म्हणून विमानांतील काही तोफांत ते चालते, परंतु चीर पडल्यास तप्त वायू त्याला जाळून पार होतो.

धातूची निवड, म्हणजे, केवळ बळावर ठरत नाही. देशाच्या खाणीत काय आहे, गोदामाची हवा कशी आहे, यांनाही तेथे मत असते. आणि सर्वांत मोठे मत असते त्या शिपायाचे, ज्याला पहिली गोळी सुटल्यावर दुसरीची खात्री हवी असते. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा कारखान्यांतून बाहेर पडणारे प्रत्येक पितळी कवच ही त्या शिपायाला दिलेली खात्रीच होय.