वारणेचा तह आणि दोन गाद्यांचे ऐक्य

सातारा व कोल्हापूर या गाद्यांची फूट इ. स. १७०७ च्या खेडच्या लढाईपासून मोजण्याचा प्रघात आहे. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूंनी तेथे ताराबाईंच्या फौजेचा पराभव केला, हे खरेच. तथापि ही फूट सांधली का गेली नाही, याचे उत्तर आम्हांस खेडला सापडत नाही. ते पन्हाळ्यास सापडते. इ. स. १७१४ मध्ये तेथे राजसबाईंनी आपले पुत्र संभाजी यांस गादीवर बसविले आणि सवत ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांस कैदेत टाकले.

पुढे संभाजीराजे निजामास मिळाले. पालखेडनंतर तो आधार गेला. १७३० मध्ये वारणाकाठी त्यांचा मोड झाला, ताराबाई शाहूंच्या हाती लागून साताऱ्यास आल्या आणि १७३१ मध्ये तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख संभाजीराजांस मिळाला, मिरज, अथणी, तासगाव ही ठाणी शाहूंकडे आली. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, असेही एक कलम होते. दोन्ही दरबारांकडे पाय ठेवून वतने वाढविणाऱ्या सरदारांना ते किती झोंबले असेल! भावांतील युद्ध या तहाने थांबले, पण दोन राज्ये असणे कागदावर मान्यही झाले.

ऐक्याची संधी नंतर आली. शाहूंना पुत्र नव्हता. शाहूंमागे दोन्ही गाद्या संभाजीराजांकडे याव्यात, असा गुप्त करार नानासाहेब पेशव्यांनी १७४० मध्ये त्यांच्याशी केलाही होता. पण साताऱ्यास ताराबाई होत्या. ज्याने आपणांस सोळा वर्षे बंदीत ठेवले, त्याने छत्रपती व्हावे, हे त्या कशा सोसणार? त्यांनी रामराजा हा आपला नातू गुप्तपणे वाढविला असल्याचे जाहीर केले. मरणापूर्वी शाहूंनीही कोल्हापूरकरांस गादी देऊ नये असेच लिहून ठेवले, आणि पेशव्यांनी आपला करार बाजूस सारला. याच ताराबाईंनी १७५० मध्ये रामराजास कैद करून तो आपला नातू नव्हे असे सांगावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

संभाजीराजे १७६० च्या अखेरीस निपुत्रिक वारले. पेशव्यांनी कोल्हापूर साताऱ्यास जोडण्याचा यत्न केला; परंतु राणी जिजाबाईंनी तो हाणून पाडला आणि १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेविले.