नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

साताऱ्यात मध्यमवर्गीय घरांत संगणक आले ते बरेचसे एमएस-सीआयटीच्या निमित्तानं. एमकेसीएलनं हा अभ्यासक्रम 2002 मध्ये सुरू केला. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागणार हे कळल्यावर लोकांनी पीएफमधून पैसे काढले, पतसंस्थेचं कर्ज घेतलं आणि पुण्याहून असेंबल केलेले पीसी आणून हॉलमध्ये मांडले. मी तेव्हा सकाळी अशाच एका केंद्रात शिकवत असे आणि संध्याकाळी स्कूटीवरून पोवई नाक्यापासून शनिवार पेठेपर्यंत घरोघरी दुरुस्तीला जात असे. हार्डवेअरचं काम करणारी बाई तेव्हा गावात क्वचितच दिसे. त्यामुळे घरातल्या बायका माझ्याशी मोकळेपणानं बोलत, आणि जे त्या बोलत त्यातूनच मला या विषयाचा ध्यास लागला.

बीएसएनएलचं ब्रॉडबँड 2005 मध्ये सुरू झालं आणि काही काळानं आमच्याकडेही पोचलं. स्वस्त योजनेत महिन्याला मोजकंच डाउनलोड मिळे, पण रात्री दोन ते सकाळी आठ मीटर बंद असे. साहजिकच मुलं गजर लावून दोनला उठत, गाणी किंवा गेम डाउनलोडला लावून परत झोपत. सकाळी वडील पेपर वाचायला नेट उघडत, तर होमपेज भलतंच, वर दोन-दोन टूलबार आणि मधूनच उघड्या बायकांची चित्रं असलेली खिडकी उसळी मारून वर येई. ती बंद करावी तर आणखी तीन उघडत. मग मला फोन. दारात चपला काढतानाच घरातली बाई हलक्या आवाजात विचारी, "ताई, आमचा हा रात्रीचा काही वाईटसाईट बघत नसेल ना हो?"

वडील विचारत नसत. त्यांनी आधीच दोन थोबाडीत दिलेल्या असत.

हा अन्याय मी डोळ्यांनी पाहिला आहे. ही चित्रं त्या घरात कोणी आणली याचा इतिहास नावागावांसह उपलब्ध आहे, म्हणून तो सांगते.

व्हायरस आमच्या भागाला अनोळखी नव्हता. कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. त्यांच्या दुकानात व्हायरसनं बिघडलेले संगणक येऊ लागले, आणि मॉडर्न कॉलेजात शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उतारा लिहायला घेतला. नव्वदच्या दशकातल्या त्या कामातून क्विक हील उभं राहिलं. पण तेव्हाचा व्हायरस फ्लॉपीतून चोरून येई. त्याला कोणी बोलावलेलं नसे, त्यामुळे तो मारण्यावर कोणाचा आक्षेपही नसे. अ‍ॅडवेअर आलं ते परवानगी घेऊन. फुकटचा एखादा प्रोग्राम टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश' असं आपण दाबत गेलो, त्या इंग्रजी कराराच्या दहाव्या-बाराव्या परिच्छेदात जाहिरातींना दिलेली मुभा होती. साताऱ्यातला नववीतला मुलगा सोडा, तो करार मुंबईचा वकीलही वाचत नसे. तरी कागदोपत्री संमती झाली. त्यामुळे कितीतरी वर्षं अँटिव्हायरस कंपन्यांनी या मालाला हात लावला नाही. "पैसे भरून अँटिव्हायरस घेतलाय, मग हे आलं कसं?" या रास्त प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

पहिला हात लावला तो एकेकट्या माणसांनी. जर्मनीत 1999 मध्ये निकोलस स्टार्क यांनी लाव्हासॉफ्ट काढून अ‍ॅड-अवेअर आणलं. कॅलिफोर्नियाच्या स्टीव्ह गिब्सन यांना 2000 मध्ये स्वतःच्याच संगणकावर ऑरिएट नावाच्या कंपनीची फाइल सापडली. गोझिला, क्यूटएफटीपी अशा लोकप्रिय प्रोग्रामांच्या जोडीनं ती येत असे, आणि तो प्रोग्राम काढला तरी मागे राहत असे. गिब्सन यांनी तिला काढणारं ऑप्टआउट हे छोटं साधन लिहून वाटलं. त्याच सुमारास पॅट्रिक कोला या जर्मन तरुणानं स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय लिहिलं. माझ्या पिशवीतल्या सीडीवर वर्षानुवर्षं पहिल्या जागी तेच होतं. ते फुकट होतं, आणि आपल्यासारख्या मुलखात फुकट असणं हीच त्याची खरी पोच होती.

समोरच्या बाजूला पैसा मोठा होता. गेटर हा प्रोग्राम पासवर्ड लक्षात ठेवायला मदत करी आणि त्या बदल्यात दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपल्या जाहिराती चढवी. त्यावरून 2002 मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स यांच्यासह अनेक प्रकाशकांनी त्याला कोर्टात खेचलं. पुढच्या वर्षी कंपनीनं नाव बदलून क्लॅरिया केलं. गाणी वाटून घ्यायचं काझा घेतलं की जाहिरातींचे तीन-चार प्रोग्राम आपोआप सोबत येत. बॉन्झी बडी नावाचा जांभळा गोरिला पडद्यावर नाचे, बोले आणि लहान मुलांना फार आवडे. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल त्याच्या कंपनीला अमेरिकेत 75 हजार डॉलर दंड झाला. अमेरिकेतल्याच 329 घरांतले संगणक 2004 मध्ये तपासले, तेव्हा 80 टक्क्यांमध्ये असा माल सापडला होता.

सर्वांत वाईट होतं कूलवेबसर्च, आणि त्यावर जरा थांबते. हे 2003 मध्ये आलं. होमपेज बदलायचं, फेव्हरिट्समध्ये अश्लील साइटींची नावं भरायची, घाणेरड्या खिडक्या उघडायच्या, हे त्याचं काम. त्याच्या अनेक जातींना कोणाच्या परवानगीचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या जावा यंत्रणेत एक भोक होतं, आणि विंडोज अपडेट केलेलं नसेल तर नुसतं एखादं पान उघडताच ते आत शिरे. ते पान गाण्याच्या शब्दांचं असेल, गेमच्या चीट कोडचं असेल. आमच्याकडे तर बहुतेक विंडोज दुकानदारानं टाकलेलं विनापरवाना असे, अपडेट कायम बंद. म्हणजे त्या मुलानं काहीही वाईट न शोधता त्याच्या पडद्यावर वाईट चित्रं येऊ शकत होती आणि येत होती. मी हे आयांना नीट बसून समजावत असे. कधी वडिलांनाही थांबवून समजावलं.

या कूलवेबसर्चच्या मागे लागला मेरेन बेलेकोम हा नेदरलँड्समधला विद्यार्थी. त्यानं सीडब्ल्यूश्रेडर लिहिलं, आणि त्याहून मोलाचं हायजॅकधिस. हायजॅकधिस स्वतः काही ठरवत नसे. ब्राउझर आणि रजिस्ट्रीमधल्या ज्या जागी असा माल दबा धरून बसतो, त्या सगळ्या जागांची ते यादी काढून देई. ओ-2 म्हणजे ब्राउझरला चिकटलेले मदतनीस, ओ-4 म्हणजे संगणक चालू होताच सुरू होणारे प्रोग्राम, ओ-10 म्हणजे नेटच्या वाटेत बसलेले. कोणती ओळ ठेवायची आणि कोणती काढायची हे माणसानं वाचून ठरवायचं. यादी वाचून लोकांना फुकट सल्ला देणारे स्वयंसेवक जगभर तयार झाले. मी विंडोज खऱ्या अर्थानं शिकले ती या याद्या वाचून, कुठल्या क्लासमध्ये नव्हे. कूलवेबसर्चची नवी जात दर काही दिवसांनी येई. एकट्या विद्यार्थ्यानं पुरे पडणं अशक्य होतं, आणि 2004 मध्ये त्यानं श्रेडरचं काम सोडलं. हायजॅकधिस 2007 मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीकडे गेलं.

ओ-10 ची गोष्ट आमच्या धंद्यातल्यांनी विसरू नये अशी आहे. न्यूडॉटनेट, वेबहॅन्सर यांच्यासारखे प्रोग्राम विंडोजच्या नेट-जोडणीच्या साखळीत एक कडी होऊन बसत. घाईनं त्यांची फाइल डिलीट केली की साखळी तुटे आणि जाहिरातींबरोबर नेटही बंद पडे. मॉडेमचे दिवे हिरवे, फोन चालू, पण एकही पान उघडेना. बीएसएनएलच्या लाइनमनला उगाच बोलावलं जाई. यावर एलएसपीफिक्स नावाचं इवलं साधन होतं, ते तुटलेली साखळी पुन्हा जोडून देई. ऑगस्ट 2004 च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक 2 पासून तर 'नेटश विनसॉक रीसेट' एवढी एकच आज्ञा पुरे झाली. त्याच सर्व्हिस पॅकमध्ये पॉप-अप अडवायची सोयही आली आणि माझ्या फेऱ्या खरोखर कमी झाल्या.

पण हे सगळं करायला वेळ लागतो. सेफ मोडमध्ये जायचं, स्कॅन लावायचा, यादी वाचायची, यात अख्खी संध्याकाळ जाई. म्हणून बाजाराची रीत वेगळी होती: फॉरमॅट मारा. अडीचशे-तीनशे रुपये, दोन तास, विंडोज नवं कोरं. सी ड्राइव्ह पुसताना डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स दोन्ही जातात, हे गिऱ्हाइकाला माहीत नसे आणि कित्येक दुकानदार सांगत नसत. एका घरात गेलेल्या आजोबांचे शेवटच्या दिवाळीचे फोटो असेच गेले, दुसरीकडे एका मुलीचा प्रबंध गेला. जाहिरातींपायी माणसाची स्मृती पुसणं हे मला तेव्हाही सहन होत नसे. आजही होत नाही.

कायद्याचं भांडण अमेरिकेत चाललं. आपला प्रोग्राम स्पायवेअर म्हटल्याबद्दल गेटरनं 2003 मध्ये पीसी पिटस्टॉप या वेबसाइटवर बदनामीचा दावा लावला, आणि तडजोडीनंतर ती पानं उतरली. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर 2004 मध्ये जायंट ही छोटी कंपनी घेतली आणि तिच्या साधनातून पुढे विंडोज डिफेंडर झालं. झँगो या अ‍ॅडवेअर कंपनीला 2006 मध्ये 30 लाख डॉलर भरावे लागले. तरीही तिनं आपला माल अडवल्याबद्दल कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर खटला भरला होता. जून 2009 मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं कॅस्परस्कीच्या बाजूनं निकाल दिला. वापरणाऱ्याला नको असलेलं अडवणाऱ्या साधनाला कायद्याचं संरक्षण आहे, असा त्याचा अर्थ. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस. झँगो त्याच वर्षी बंद पडली.

भांडण तिथे संपलं नाही, अ‍ॅडवेअरनं वाट बदलली. आता ते नामांकित डाउनलोड साइटींच्या आवरणातून येऊ लागलं. डिसेंबर 2011 मध्ये एनमॅपचे कर्ते गॉर्डन लायन यांनी आपल्या प्रोग्रामभोवती डाउनलोड डॉट कॉमनं टूलबारवालं आवरण घातल्याचं जाहीरपणे दाखवून दिलं. आपल्याकडे याची मोठी झळ मराठी टायपिंग करणाऱ्यांना बसली. फुकटचा मराठी फाँट किंवा कीबोर्ड शोधायला गेलं की पानावर तीन-चार हिरवी डाउनलोड बटणं दिसत, आणि खरा दुवा त्यांच्याखाली बारीक अक्षरात असे. माझ्याकडे येणारे डीटीपीवाले आणि शिक्षक यातच अडकलेले असत. फ्रान्समधून 2011 मध्ये निघालेल्या अ‍ॅडवक्लीनरनं त्यांना हात दिला. दोन-चार मिनिटांत टूलबार, बदललेले शॉर्टकट, लपवलेल्या वेळापत्रकी सूचना सगळं निघे. मालवेअरबाइट्सनं ते 2016 मध्ये विकत घेतलं आणि फुकटच ठेवलं.

कधीकधी तर क्लिकही लागली नाही. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं अ‍ॅडवेअर कारखान्यातूनच बसवलेलं होतं, आणि ते बँकेच्या सुरक्षित जोडणीतही शिरू शकत होतं. फेब्रुवारी 2015 मध्ये ते उघड झालं. फायरबॉल या अ‍ॅडवेअरबद्दल चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं 2017 मध्ये सांगितलं की जगात 25 कोटी संगणक बाधित आहेत आणि त्यांतले सुमारे अडीच कोटी भारतातले. मायक्रोसॉफ्टनं हे आकडे फुगवलेले असल्याचं म्हटलं. आकडा कितीही धरा, चेक पॉइंटच्या यादीत भारत पहिला होता.

आता टूलबार फारसे दिसत नाहीत. आज कोपऱ्यातून येणाऱ्या जाहिराती बहुधा ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून येतात, कारण कुठल्यातरी पानावर 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ज्या साइटला अशी परवानगी दिली आहे ती काढा, आणि अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाका. विंडोज सिक्युरिटीमधल्या 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू आहे ना, ते बघा. मग अ‍ॅडवक्लीनर एकदा फिरवा. बहुतेक संगणक एवढ्यावर साफ होतात. आणि दुरुस्तीवाल्यानं आल्या आल्या फॉरमॅटचं नाव काढलं, तर त्याला थांबवा. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, ती उघडून बघा, आणि मगच त्याला हात लावू द्या.