नवबौद्ध चळवळ

नवबौद्ध चळवळ : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात उदयास आलेली धार्मिक व सामाजिक चळवळ. तिच्या विचारप्रणालीस ‘नवयान’ असेही म्हणतात. आधुनिक काळातील पुष्कळ नवे पंथ एखाद्या गुरूभोवती व व्यक्तीच्या आत्मिक शोधातून निर्माण झाले. पुण्यातील रजनीश आश्रम (१९७४) हे त्याचे जवळचे उदाहरण होय. येथे मात्र अस्पृश्य लेखल्या गेलेल्या समाजाने मानवी प्रतिष्ठेसाठी सामूहिक धर्मांतर केले आणि त्याची कायदेशीर किंमतही दीर्घकाळ मोजली.

हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा आंबेडकरांनी येवले येथे १९३५ साली केली. पुढे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. माण, पिंपरी-चिंचवड व चाकण या आजच्या औद्योगिक पट्ट्यातील हे स्थळ संत तुकारामांच्या देहू गावापासून जवळच आहे. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आंबेडकरांनी भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली. त्रिशरण व पंचशील यांबरोबरच त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अवतारकल्पना, श्राद्ध व विषमता यांचा त्याग अभिप्रेत आहे.

देशातील बौद्धांची संख्या १९५१ मध्ये सुमारे १.८ लाख होती. ती १९६१ मध्ये ३२.५ लाख झाली. त्यांपैकी सुमारे २७.९ लाख महाराष्ट्रात होते. तथापि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये बौद्ध झालेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नसे. त्यामुळे राखीव मतदारसंघ व केंद्रीय नोकऱ्यांतील आरक्षण यांस ती मुके. राज्य शासनाने आपल्या कक्षेत सवलती दिल्या, तरी अनेक कुटुंबांना आचाराने बौद्ध व कागदोपत्री हिंदू राहावे लागले. ही विसंगती १९९० मधील कायदादुरुस्तीने दूर झाली.

भारतातील ८४.४ लाख बौद्धांपैकी ६५.३ लाख महाराष्ट्रात असल्याचे २०११ च्या जनगणनेत आढळले. ‘नवबौद्ध’ हे नाव अनेक अनुयायांस मान्य नाही. ते स्वतःस केवळ ‘बौद्ध’ म्हणवितात.