मिरचीच्या आधी आलेलं द्राक्ष

गेल्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीत रेकॉर्डिंगला गेलो होतो. तिथं एक ताई म्हणाल्या, "माझा पुण्याचा भाचा सांगतो, मटणासोबत लाल वाईन घ्यायची, मासळीसोबत पांढरी. मग आपल्या ठेच्यासोबत कुठली?" बाया पोट धरून हसल्या. कोपऱ्यातली एक जण मात्र हसली नाही. तिच्या घरात बाटलीनं काय केलंय, ते गटातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. या दोघींना डोळ्यांपुढे ठेवून आज बोलतोय.

वाईन म्हणजे द्राक्षाचा आंबवलेला रस. ती आपल्या मुलखाला नवी नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी खलाशाची 'पेरिप्लस' नावाची टिपणं आहेत. भडोच बंदरात बाहेरून काय उतरतं, त्याची यादीच त्यात दिलीय. त्यात वाईन आहे. इटलीची सगळ्यात जास्त पसंतीची, मग लाओदिकियाची आणि अरबस्तानची. आणि त्याच बंदरात पैठण नि तेरहून गाड्या भरभरून माल जायचा. तेरचं तर जाडंभरडं साधं कापडही जायचं. आपल्या अंबड-घनसावंगीच्या शिवेवरची गोदावरी पैठणहूनच येते. म्हणजे सूत आपल्या बाजूचं आणि घोट राजवाड्यातला, असाच तो व्यवहार असणार. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. त्यात खाण्यापिण्याची फार बारकाईनं माहिती आहे आणि मदिरापानाच्या खेळाचाही एक भाग आहे. तोही राजाचाच खेळ.

आता गंमत ऐका. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली. पुढं काही वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथं आला. त्यानं लिहून ठेवलंय, की इथं द्राक्षं आणि डाळिंबं आहेत आणि वर्षातून दोनदा येतात. दौलताबाद म्हणजे आपल्या शेजारचंच. आणि मिरची? ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून अमेरिकेकडून आली, 1500 नंतर. म्हणजे आपण ज्याला आजीच्या आजीपासूनचं म्हणतो, ते ठेचा-भाकरीचं तिखट द्राक्षापेक्षा धाकटं आहे! त्याआधी तिखटाला मिरी आणि पिंपळी होती.

तरी द्राक्षाचा रस आपल्या ताटाशेजारी कधी बसला नाही. तिथं बसलं ताक. धपाट्यासोबत दही, पिठल्यासोबत ताकाचा तांब्या, येसर आमटीच्या जेवणावर मठ्ठा. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात आंबील लागतेच, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली. कशासोबत काय प्यायचं हे शास्त्र शहरातून शिकायची गरज आपल्याला नव्हती. मिरचीचा जाळ पाण्यानं जात नाही, कारण तो पाण्यात विरघळत नाही. दुधातली प्रथिनं त्याला धरून धुऊन नेतात. हे आयांना कुणी सांगितलं नव्हतं, पण तोंड भाजलेल्या पोराच्या हातात त्या ताकाचीच वाटी देत.

तर त्या ताईंचं उत्तर. मद्यार्क तिखटावर पडला की जळजळ वाढते. म्हणून जाणकार तिखट जेवणाला थंड, जराशी गोडसर पांढरी वाईन सांगतात. लाल वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून ती तुरट होते, कच्च्या जांभळासारखी. मटणाच्या चरबीवर तो तुरटपणा चालतो. ठेच्यावर ती घेतली तर दोन्हींची चव गेली. बघा, आंबट, गार आणि किंचित गोड. आपला मठ्ठा याहून वेगळा काय करतो?

भाच्याची बाटली स्वस्त म्हणतात. बाटलीत 750 मिली, म्हणजे पाच पेले. 2024-25 मध्ये रोजगार हमीची दिवसाची मजुरी होती 297 रुपये. साधी बाटलीसुद्धा एक-दोन दिवसांची मजुरी खाते. ताक शेजारीण फुकट देते, वर म्हणते, "तांब्या उद्या आणला तरी चालंल."

द्राक्षाचा पैसा मात्र आपल्याकडेही आलाय. जालना तालुक्यातल्या कडवंचीत 1996 पासून पाणलोटाचं काम झालं, पुढं शेततळी झाली आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पण ती खायची द्राक्षं, पातळ सालीची, बिनबियांची. वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. ती जास्त करून नाशिककडे पिकतात. राज्यानं 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, त्याचा फायदा तिकडच्या बागांना झाला.

मग 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळानं ठरवलं, की मोठ्या किराणा दुकानांतही वाईन ठेवता येईल. कारण दिलं शेतकऱ्याच्या फायद्याचं. वाईन म्हणजे दारू नव्हे, असंही तेव्हा बोललं गेलं. शंभरात बारा-तेरा भाग मद्यार्क असलेल्या पेयाला दुसरं काय म्हणायचं, ते आम्हाला काही समजलं नाही. विरोध झाला, हरकती मागवल्या आणि तो निर्णय अजून दुकानाच्या फळीवर पोचलेला नाही.

आपल्या भागात दारूचा प्रश्न जुनाच आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि शिंदी-दारूचा कर त्याच्या तिजोरीत जायचा. म्हणून मुक्तिसंग्रामात लोकांनी शिंदीची झाडंच तोडली. बांधावरची झाडं तोडणं म्हणजे सरकारची कमाई तोडणं, हे तेव्हाच्या माणसांनी बरोबर ओळखलं होतं.

बैठक उठल्यावर कोपऱ्यातल्या त्या ताई आमच्याजवळ आल्या. ठेच्याचं, वाईनचं काही बोलल्या नाहीत. "आडव्या बाटलीचा अर्ज कुठं द्यायचा?" एवढंच विचारलं. राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे, गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांनिशी. सह्यांची पडताळणी होते, मग मतदान. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर गावातलं दुकान बंद होतं. त्या म्हणाल्या, "सह्या मिळतील." आणि घरी ज्वारी दळायची राहिलीय म्हणून लगबगीनं निघाल्या.