गाव, गावात आणि झ्यूल ब्लॉक

‘नायगाव’ हळू म्हणून बघा. लिहिताना अक्षरं चार, तोंडात तुकडे दोनच: नाय-गाव. आता ‘नायगावात’ म्हणा. नाय-गा-वात. मघाशी ‘गा’ला चिकटलेला व उठून पुढच्या तुकड्यात जाऊन बसला. फ्रेंच शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला असंच जोडलं जातं.

जुन्या मराठीत ‘देवु’सारखी रूपं सापडतात. पुढे तो शेवटचा उ गळाला. आपल्या शेजारच्या तेलुगूत मात्र शब्द आजही बहुधा स्वरानेच संपतो. मग कुठला स्वर टिकतो, कुठला आखडतो हे कशावर ठरतं? आघातावर की आणखी कशावर?

प्राकृतांबद्दल हा वाद पिशेल आणि याकोबी या जर्मन पंडितांत आधीच झाला होता. पिशेल वैदिक स्वराकडे बोट दाखवत, याकोबी नंतरच्या संस्कृतातल्या, मात्रांवर ठरणाऱ्या आघाताकडे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने मराठीच्या जडणघडणीवर प्रबंध लिहिला (1914, ग्रंथरूपात 1920) आणि मराठीपुरतं आघाताला फारसं महत्त्वच दिलं नाही. त्याचा भर मात्रांवर आणि स्वराच्या शब्दातल्या जागेवर. उलट इंग्रज टर्नरने 1916 च्या लेखात मराठीत थेट वैदिक स्वराच्या खुणा आहेत असं मांडलं. भाषा एक, निष्कर्ष विरुद्ध! (फ्रेंचमध्ये आघात शब्दसमूहाच्या शेवटी येतो आणि अर्थ बदलत नाही, इंग्रजीत तो बदलू शकतो. कानाच्या सवयीचा भाग असेल का? गमतीने म्हणतोय, पुरावा म्हणून नाही.)

मला ब्लॉक जास्त पटतो. मूल-मुलाला, दूध-दुधात, फूल-फुलांचा: मागे प्रत्यय आला, स्वराची जागा बदलली, तो आखडला. यासाठी वेदांपर्यंत जायची गरज दिसत नाही. पण ‘शरीर-शरीराला’ पुढे करून कुणी हे खोडू बघेल. तिथे सावध राहा. तत्सम शब्दातला दीर्घ तसाच ठेवायचा हा लेखनाचा नियम आहे, 1962 च्या नियमावलीतही तो आहे. ऱ्हस्व-दीर्घ लिहिणं म्हणजे तसं उच्चारणं नव्हे.

ब्लॉकचा ग्रंथ वा. गो. परांजपे यांच्या मराठी अनुवादात (1941) वाचता येतो. वाचताना शेजारी ‘प्रात’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून ठेवा. ‘मूल’ आणि ‘मुलाला’ दोन्ही रेकॉर्ड करा, उ किती मिलिसेकंद टिकतो ते मोजा. नायगाव-बिलोलीकडचे, घरी तेलुगू बोलणारे मित्र असतील तर त्यांचाही आवाज घ्या.